टोचणी

मराठीत 'टोचणे' हे क्रियापद देहालाही लागते आणि मनालाही. काटा पायाला टोचतो, लस दंडाला टोचतात. आणि एखादी केलेली वा करायची राहून गेलेली गोष्ट मनाला टोचत राहते. या दुसऱ्या टोचण्याला आपण 'टोचणी' म्हणतो आणि सदसद्विवेकबुद्धी जागी असल्याची ती खूण मानतो. परिचारिका म्हणून जवळजवळ सारे आयुष्य घालवल्यामुळे सुईच्या टोचण्याशी माझा रोजचा संबंध होता. साथीच्या काळात माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध लस टोचावी काय, या प्रश्नात मात्र टोचण्याचे हे दोन्ही अर्थ एकमेकांत गुंतून पडतात.

२०२१ साली हा प्रश्न पुण्यात घरोघरी चर्चिला गेला. ७ ऑक्टोबरला प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली आणि रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात मंडळी अंतर राखून का होईना, पण बोलत उभी राहू लागली. त्या बोलण्यात हमखास दोन पक्ष पडत. एक पक्ष म्हणे, लोक अडाणी आहेत. दंडुका दाखवल्याखेरीज त्यांना आपले हित कळत नाही. दुसरा म्हणे, माझ्या देहाचा धनी मी. सरकारने त्यात हात घालू नये. मी स्वतः लस घेतली होती, इतरांना घ्यायला सांगत होते, आणि आजही सांगेन. तरीही पहिल्या पक्षाच्या बोलण्याने माझे समाधान होत नसे आणि दुसऱ्याच्या बोलण्याने तर मुळीच होत नसे. असे का व्हावे याचा विचार करू लागले की मन आपल्या शहराच्या इतिहासाकडे वळे. कारण साथ आणि सक्ती या दोहोंचा एकत्र अनुभव पुण्याइतका क्वचितच दुसऱ्या शहराने घेतला असेल.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप आलेले रुग्ण पाहून हा प्लेग आहे, हे प्रथम ओळखले ते डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या ख्रिस्ती डॉक्टरांनी. काही महिन्यांतच रोग पुण्यात शिरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. सव्वाशे वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये, करोनाच्या वेळी महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला तो हाच कायदा. त्या कायद्याच्या बळावर सनदी अधिकारी रँड पुण्याच्या प्लेग समितीचे प्रमुख झाले. गोरे सोजीर घराघरांत शिरले. माजघर, देवघर, स्वयंपाकघर काही वर्ज्य राहिले नाही. आजारी माणसाला इस्पितळात आणि त्याच्या आप्तांना विलगीकरणाच्या छावणीत नेण्यात येई. रोगाची भीती होतीच. तिच्यापेक्षा मोठी भीती दारावरच्या थापेची झाली. इस्पितळात नेलेल्या माणसाची मोमियाई काढतात, म्हणजे त्याच्या देहातून तेल काढतात, अशा वावड्या उठल्या. लोक रुग्ण लपवू लागले. पंडिता रमाबाई ख्रिस्ती होत्या आणि सरकारच्या शत्रू नव्हत्या. पण त्यांनीही 'बॉम्बे गार्डियन' या पत्राकडे लिहून प्लेग इस्पितळातील व्यवस्थेवर जाहीर टीका केली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. हत्येचे समर्थन कोणी करू नये. पण रोग हटवण्यासाठी निघालेले सरकार त्या चार महिन्यांत रोगापेक्षा अधिक अप्रिय कसे झाले, हा प्रश्न मात्र उरतोच.

त्याच वर्षी, त्याच शहराच्या वेशीवर, आणखी एक गोष्ट घडत होती. सावित्रीबाई फुले यांनी आपला डॉक्टर मुलगा यशवंत याच्या मदतीने हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्या सेवेतच त्यांना रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रँड यांनाही रुग्ण घराबाहेर काढायचे होते आणि सावित्रीबाईंनाही. दोघांचे ध्येय कागदावर मांडले तर एकाच वाक्यात मावेल. पण एकाने बंद दार उघडायला शिपाई धाडले आणि दुसरीने आपली पाठ पुढे केली. पुण्याने कोणाला कसे लक्षात ठेवले, हे सांगायला नको.

लसीची कथाही याच काळातली. ओडेसा येथे जन्मलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. घरझडतीची सक्ती करणाऱ्या सरकारने या लसीची उघड सक्ती केली नाही. मात्र लस घेतलेल्यास दाखला मिळू लागला आणि दाखला जवळ असलेल्यास विलगीकरणातून सूट मिळू लागली. म्हणजे लस न घेण्याचे स्वातंत्र्य होते, पण त्याची किंमत छावणीत मोजावी लागे. सव्वाशे वर्षांनंतरच्या वाचकाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

लोकांची सगळीच भीती खुळी होती असेही नव्हे. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल या गावी प्लेगची लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. एकाच बाटलीतली लस त्या सर्वांना टोचली होती. दोष हाफकिन यांच्या माथी मारण्यात आला. त्यांना त्यातून मुक्त व्हायला १९०७ साल उजाडले. लसीच्या सूत्रात खोट नव्हती, बाटली हाताळण्यात होती. पण ज्याच्या घरचे माणूस गेले त्याला या भेदाचे काय?

इथवर वाचून मी सक्तीची सरसकट विरोधक आहे असा कोणाचा समज होईल. तो खरा नाही. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे आणि तो वण कित्येकांना आईबापांच्या खुशीने मिळालेला नाही. १८०२ साली मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस यशस्वीपणे टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने लहान मुलांना ही लस देणे बंधनकारक झाले. शंभर वर्षांच्या खटपटीनंतर १९७७ साली भारत देवीमुक्त ठरला आणि १९८० साली सारे जग. ज्या रोगाला भिऊन आपण देवीचे नाव दिले, तो रोग पृथ्वीवरून गेला. या यशात सक्तीचा वाटा नव्हता असे म्हणणे प्रामाणिक होणार नाही.

पण त्या मोहिमेचे शेवटचे पर्व मी शिकाऊ परिचारिका म्हणून पाहिले आहे. दोन टोकांची बारीक सुई लशीत बुडवून दंडावर भराभर पंधरा वेळा टोचायची, असे आम्हाला शिकवले होते. आमच्याबरोबर एक वयस्क लस टोचणारे गृहस्थ असत. गावकरी त्यांना 'देवीडॉक्टर' म्हणत. आम्ही गावात शिरलो की आया मुलांना कणगीमागे दडवत. हे गृहस्थ कोणाच्या मागे धावत नसत. देवळाच्या किंवा शाळेच्या ओट्यावर बसत आणि गावातल्या सर्वांत थोर म्हातारीकडे पिण्यास पाणी मागत. पाणी पिऊन होईपर्यंत म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी होई. मग म्हातारीच सुनांना हाक मारी. कायद्याचा कागद त्यांच्या पिशवीत होता. तो त्यांनी बाहेर काढलेला माझ्या पाहण्यात नाही.

याच्या उलटचेही पाहिले. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, पण लोकांच्या मनावर व्हायचा तो परिणाम होऊन गेला. त्यानंतर कित्येक वर्षे, बाळाला घटसर्प-डांग्या खोकल्याची लस देताना, आया हळूच विचारत, "बाई, ही ती तर नव्हे ना?" एका ठिकाणच्या जबरदस्तीचे कर्ज असे दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच माणसाला फेडावे लागते.

आता २०२१ कडे येते. १६ जानेवारीला देशभर करोनाची लस सुरू झाली. तिच्यातला फार मोठा वाटा पुण्यात, हडपसरच्याच परिसरातील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होत होता. ज्या हडपसरला सावित्रीबाईंचा दवाखाना होता, तिथूनच आता लशीच्या पेट्या देशोदेशी जात होत्या. पुणेकराला याचा अभिमान वाटावा आणि मला तो वाटे. पण पेटी विमानाने परदेशी पोहोचते, तितक्या सहजपणे ती शेजारच्या वस्तीतल्या माणसाच्या मनापर्यंत पोहोचत नाही, हे मला लवकरच दिसले.

आमच्या धर्मग्रामात एक भगिनी आहे. पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून दुष्काळात ती पुण्याला आली. चार घरची धुणीभांडी करून तिने मुलाला शिकवले. मराठी मिस्सेला ती न चुकता येते. २०२१ च्या एप्रिलात, दुसऱ्या लाटेत, तिच्या यजमानांना ताप आला. रुग्णवाहिका वस्तीच्या तोंडाशी थांबली. त्या गल्लीत ती शिरत नाही. तिथवर तो माणूस आपल्या पायांनी चालत गेला. नवव्या दिवशी दूरध्वनी आला. पेटी उघडली गेली नाही. दफनभूमीच्या फाटकापाशी उभे राहून तिने दुरून माती पडताना पाहिली.

तिचे वय पंचेचाळीसच्या वर असल्याने लस तिला तेव्हाच मिळू शकत होती. धर्मग्रामातर्फे आम्ही दोघी-तिघी निवृत्त परिचारिका वस्तीतल्या लोकांची नावे भ्रमणध्वनीवर नोंदवून देत होतो. तिने नाव दिले नाही. मी कारण विचारले तेव्हा तिने ना वावड्या सांगितल्या, ना धर्माचे काही काढले. ती म्हणाली, "नर्सबाई, आमच्या माणसाला नेलं आन् परत नुसता कागद दिला. आता तेच लोक सुई घेऊन आलेत. कसा हात पुढं करू?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. लशीने किती टक्के संरक्षण मिळते, हे मला ठाऊक होते. पण तिचा प्रश्न टक्क्यांचा नव्हताच.

पुढे ऑगस्टमध्ये, ती जिथे काम करी त्या गृहसंकुलाच्या फाटकावर सूचना लागली: लशीचे प्रमाणपत्र दाखवल्याखेरीज घरकामगारांना आत प्रवेश नाही. सूचना घरकामगार, वाहनचालक आणि माल पोहोचवणारी मुले यांच्यासाठी होती. संकुलात राहणाऱ्या कुटुंबांना प्रमाणपत्र कोणी विचारत नव्हते, आणि रोग तर दोन्ही दिशांनी ये-जा करतो. तीन दिवस ती घरी बसली. चौथ्या दिवशी लस घेऊन आली आणि मला दंड दाखवून म्हणाली, "ही सुई कामाची हाय, माझी नव्हं." दुसरी मात्राही तिने वेळेवर घेतली. सरकारदप्तरी ती पूर्ण लसवंत झाली. फाटक उघडले. सक्ती यशस्वी झाली, असे कोणीही म्हणेल.

त्या वर्षात अशी फाटके ठिकठिकाणी उभी राहिली. १५ ऑगस्टपासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन मात्रा घेतलेल्यांनाच प्रवेश मिळू लागला. नोव्हेंबरअखेरीस राज्याने सार्वजनिक वाहतूक, दुकाने आणि समारंभ यांनाही तोच नियम लावला. प्रकरणे न्यायालयांत गेली. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, घटनेच्या २१ व्या अनुच्छेदानुसार कोणावरही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही. मात्र समाजाच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधने घालू शकते, आणि ती बंधने धोक्याच्या प्रमाणात असली पाहिजेत. त्या वेळची साथीची स्थिती पाहता लस न घेतलेल्यांवरची बंधने प्रमाणशीर ठरत नाहीत, असेही न्यायालयाने सांगितले.

आपल्या ख्रिस्तसभेने याच्या आधीच जवळपास हीच वाट दाखवली होती. २१ डिसेंबर २०२० रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धातत्त्वविषयक मंडळाने काढलेल्या टिपणात म्हटले होते की, या लशी घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहे. लस घेणे हे सर्वसाधारणपणे नैतिक बंधन नसल्याने ते स्वेच्छेचे असावे. परंतु दुर्बळांचे रक्षण आणि सर्वांचे हित साधण्याचे कर्तव्य प्रत्येकावर आहेच. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये लस घेण्याला प्रेमाची कृती म्हटले. प्रेमाची कृती जुलमाने करवून घेता येत नाही, हे त्यातच आले. पण प्रेमाची कृती टाळण्याची मुभा म्हणजे स्वातंत्र्य, असेही त्यातून निघत नाही. आमच्या आवारातल्या दोन्ही पक्षांना यातले अर्धे अर्धे वाक्य आवडत असे.

माझे मत विचाराल तर, सक्ती कधीच नको असे मी म्हणणार नाही. रुग्णाच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या परिचारिकेने, वृद्धाश्रमात काम करणाऱ्याने लस घेतलीच पाहिजे. दुसऱ्याचा जीव हाती घेतला की स्वतःच्या मर्जीला मर्यादा पडते. पण सक्ती करणाऱ्यावरही काही बंधने आहेत. नियम आधी बलवानांना लागावा, मग दुबळ्यांना. लशीचे दुष्परिणाम, कितीही विरळा असोत, लपवू नयेत. कोविशील्डच्या सूत्राच्या लशीने अगदी क्वचित रक्तात गुठळ्या होतात, हे २०२१ मध्येच दिसून आले होते. ते साध्या भाषेत सांगितल्याने लोक पळाले नसते, उलट सांगणाऱ्यावर त्यांचा विश्वास बसला असता. आणि सर्वांत आधी, ज्याच्यावर नियम लादायचा त्याचे दुःख ऐकून घ्यावे.

योहानच्या शुभवर्तमानातली बेथेस्दाच्या तळ्याकाठची घटना आपण अनेकदा ऐकतो. अडतीस वर्षे खिळून पडलेला मनुष्य समोर आहे. त्याला काय हवे ते उघड आहे. तरी प्रभू त्याला आधी विचारतो की, बरे होण्याची तुझी इच्छा आहे का. रुग्णसेवेत असताना मला हा प्रश्न अनावश्यक वाटे. आता वाटतो तसा नाही. तो मनुष्य उत्तरादाखल 'होय' म्हणत नाही; आपल्याला तळ्यात उतरवणारे कोणी नाही, हे आपले गाऱ्हाणे सांगतो. प्रश्न विचारला गेला म्हणून ते गाऱ्हाणे बाहेर आले.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत आणि राज्यात इतरत्र गोवराचा उद्रेक झाला. लहान मुले दगावली. ज्यांच्या लशी राहून गेल्या होत्या अशा बालकांचा घरोघर शोध सुरू झाला. त्या भगिनीचा नातू तेव्हा दहा महिन्यांचा होता आणि त्याची गोवराची लस राहिली होती. आशाताई दोनदा येऊन दारावरून परत गेल्या. आजीने सुनेला सांगून ठेवले होते: पोराला सुई नाही. फाटकापाशी घेतलेल्या दोन मात्रांची परतफेड अशी दहा महिन्यांच्या बाळाकडून होऊ लागली होती. करोनापेक्षा गोवर बालकांना कितीतरी घातक, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना माझ्या पोटात काय कालवले असेल ते कळेल.

मी आणि आमच्या धर्मग्रामातल्या एक सिस्टर तिच्याकडे गेलो. सिस्टरांनी लशीचा विषय काढला नाही. त्यांनी तिच्या यजमानांची तसबीर मागून घेतली आणि ते कसे होते, काय काम करीत, गात होते का, असे विचारत बसल्या. दुसऱ्या भेटीतही तेच. तिसऱ्या भेटीत तिने मला एकदम विचारले, "नर्सबाई, त्याला शेवटी तहान लागली आसंल का हो? पाणी दिलं आसंल का कुणी?"

दीड वर्ष तो प्रश्न तिच्या मनात टोचत होता. नाव नोंदवणाऱ्या, फाटकावर प्रमाणपत्र तपासणाऱ्या, घरोघर फिरून याद्या करणाऱ्या कोणालाही तो ऐकू गेला नव्हता. त्या विशिष्ट रात्रीचे मला काही ठाऊक नव्हते आणि मी खोटे बोलले नाही. प्राणवायू लावलेल्या रुग्णाचे ओठ आम्ही परिचारिका ओल्या कापसाने पुसतो, कोणी न सांगता पुसतो, आणि हे काम कितीही धावपळ असली तरी बहुधा सुटत नाही, एवढे मात्र मी माझ्या अनुभवाने तिला सांगितले. ती बराच वेळ रडली. उठताना म्हणाली, "बुधवारी दवाखान्यात मी पोराला आणते. तुम्ही या बरुबर." बुधवारी बाळाने दंडावर सुई बसताच जोरात टाहो फोडला आणि आजीच्या खांद्यावर झोपून गेले.

तीन भेटी हा काही राज्यकारभाराचा उपाय नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. कोट्यवधींना लस द्यायची तर प्रत्येकाच्या घरी तसबीर पाहत कोण बसणार? आक्षेप खरा आहे. म्हणून तर हे काम सरकारपेक्षा धर्मग्रामाचे, शेजाऱ्याचे, आपले अधिक आहे. सरकारला नियम करावे लागतील आणि काही नियम कडक असतील. त्या नियमाच्या आधी कोणी दारात जाऊन बसले होते की नाही, यावर तो लोकांच्या मनात काय होऊन राहील हे ठरते.

त्या प्रसंगानंतर आम्ही एक साधी वही घातली आहे. साथीत ज्या घरचे माणूस निरोप न घेता गेले त्या घरांची नावे तिच्यात आहेत आणि शेवटची भेट कधी झाली त्याची तारीख. सिस्टरांची बदली झाली, तेव्हा ती वही त्यांनी नव्या सिस्टरांच्या हाती दिली. पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा सुई घेऊन जाणाऱ्याला त्या घरांतून ओळखीचा चेहरा म्हणून जाता यावे, एवढ्यासाठी वहीतल्या तारखा जुन्या होऊ द्यायच्या नाहीत असे आम्ही ठरवले आहे. वाचकांपैकी ज्यांना महिन्यातून एक दुपार देता येईल, त्यांनी आपापल्या धर्मग्रामात अशी वही घालून पाहावी.